वरताळ्याची पेटी

मोजणीत धोंडाबाईला कोणी हरवून दाखवावं! द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये अकरा हंगाम ती कंटेनरच्या दाराशी उभी राहून पेट्या मोजत होती, आणि अकरा हंगामांत एका पेटीचा घोळ नाही. बाई मूळची नामपूरची. आता शहरात द्वारका चौकाच्या मागे दोन खोल्यांत राहायची आणि सकाळी साडेसहाला कंपनीच्या टेम्पोत चढायची. बाकीच्या बाया दिवसभर कात्रीने घडातले खराब मणी काढत बसायच्या, त्यांच्या मानेचा पार भुगा व्हायचा. धोंडाबाईनेही आधी दोन वर्षं ते केलं होतं, आणि परत त्या बाकड्यावर बसायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

यंदा मात्र पंचाईत झाली. हॉलंडचं एक नवं गिऱ्हाईक मिळालं. बाईमाणूस. नाव कोणालाच धड उच्चारता येईना, म्हणून सगळे तिला हॉलंडबाई म्हणू लागले. तर या हॉलंडबाईची अट अशी, की कंटेनर भरताना मी व्हिडिओवर बघणार, आणि जो मोजतो त्यानेच मला शेवटी इंग्रजीत एकूण आकडा सांगायचा. मॅनेजर शेखर धोंडाबाईला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, जमेल का? स्पष्ट सांगा. तनय म्हणून एक मुलगा बघून ठेवलाय मी, इंग्रजी मीडियमचा. तो मोजेल, तुम्ही कात्रीवर बसा."

"जमंल की," धोंडाबाई म्हणाली.

घरी गेल्या गेल्या तिने लेकीला पकडलं. योगिनी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिने वहीत दोनच शब्द लिहून दिले, इन टोटल. "आकडे तुला येतातच आई. हे आधी लाव नाहीतर शेवटी लाव, दोन्ही चालतं. पण एक ध्यानात ठेव. इन टोटल म्हणजे सगळं धरून. एकही गोष्ट बाहेर ठेवायची नाही."

मग काय विचारता, आठ दिवस त्या घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. "इन टोटल फोर्टीन चपाती." "थ्री बकेट वॉटर, इन टोटल." टेम्पोत बसली की बाया मोजायची, "वी आर नाइनटीन, इन टोटल," आणि ड्रायव्हर राहिला म्हणून स्वतःच जीभ चावून "ट्वेंटी" म्हणायची. टेम्पोतल्या बाया तिला "काय मॅडम" म्हणून चिडवायच्या. तिला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

कंटेनरचा दिवस उजाडला तेव्हा धोंडाबाई नवं लुगडं नेसून, हातात पाटी-पेन्सिल घेऊन सगळ्यांच्या आधी दाराशी हजर. वीस पॅलेट, म्हणजे लाकडी चौकटी, एकेकावर एकशेचाळीस पेट्या. शेखरने मोबाईल स्टँडवर लावला आणि पडद्यावर हॉलंडबाई आली, चष्मा लावलेली, हसरी. पॅलेट जाऊ लागले. एक, दोन, पाच, बारा. ती प्रत्येकाला इंग्रजीत आकडा घालत होती आणि एकदाही अडखळली नाही. शेखरसुद्धा बघत राहिला. अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं तिला, शंभर कंटेनर आणा म्हणाली असती.

विसावा पॅलेट दारात आला, आणि तिची नजर वर गेली.

वर एक पेटी जास्तीची होती. तिनेच ठेवली होती, सकाळी, स्वतःच्या हाताने निवडून. नामपूरच्या बाजारात तिचा बाप मेथीच्या जुड्या विकायचा. शंभर मोजून झाल्या की वर दोन-चार टाकायच्याच, तो वरताळा. नव्या गिऱ्हाइकाला पहिला माल वरताळ्याशिवाय द्यायचा म्हणजे घरी आलेल्या माणसाला पाणी न विचारण्यासारखं. आणि वरताळा कोणी मोजत नाही. शेखरने मागच्याच आठवड्यात सगळ्यांना बजावलं होतं, कागदावर लिहिलंय तेवढंच आत जाईल, एक पेटी जास्त निघाली तरी तिकडच्या बंदरावर अख्खा कंटेनर अडकतो. तिने ते ऐकलंही होतं. पण वरताळा त्यात येतो, हे तिच्या डोक्यातच शिरलं नव्हतं.

"सो, हाउ मेनी?" हॉलंडबाईने विचारलं.

शेखरच्या हातातल्या कागदावर दोन हजार आठशे होते. तेवढं म्हणायचं आणि सुटायचं. पेटी कोणाला दिसलीही नव्हती. आणि दिसली, तर उद्यापासून कात्री. आठ दिवस घोकलेलं वाक्य ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं, कारण सगळं धरून म्हणजे सगळं धरून. ती पेटी डोळ्यांसमोर असताना आकडा तोंडातून निघेना.

"इन टोटल," धोंडाबाई म्हणाली, "टू थाउजंड एट हंड्रेड अँड वन."

शेखरने झटकन मान वर केली. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मावशी, काय बोलताय? एक कुठून आली?"

"मी ठेवली हाय. वरताळा." तिने पडद्याकडे पाहिलं. शब्द जमवायला वेळ लागला, पण जमले. "वन बॉक्स, माय गिफ्ट. नॉट इन पेपर. माय मिस्टेक. आय टेक आउट."

धोंडाबाईला परत ते बाकडं दिसू लागलं, मान खाली, हातात कात्री. मग तिने स्टूल ओढलं, चढून पेटी उतरवली, जमिनीवर ठेवली आणि परत कॅमेऱ्यासमोर ताठ उभी राहिली. "नाऊ टू थाउजंड एट हंड्रेड, इन टोटल."

हॉलंडबाईने चष्मा काढला. तिने हळूहळू, एकेक शब्द सुटा करून काहीतरी सांगितलं. पेपर, वन बॉक्स, नोबडी टेल्स मी, असं काय काय. शेवटी म्हणाली, "नेक्स्ट कंटेनर, सेम लेडी. ऑल कंटेनर्स. प्लीज."

शेखरने घाम पुसला आणि मराठीत सांगायला तिच्याकडे वळला. "मावशी, त्या असं म्हणतायत की—"

धोंडाबाईने हात वर करून त्याला थांबवलं. तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवलेही नाहीत.

"कळलं मला, शेखरभाऊ," ती म्हणाली. "त्या पोराला येऊ नको म्हणून सांगा."