आत गेलेला हात
ओल्या बांबूचा वास आला की माझं मनगट अजूनही आखडतं. खुर्सीपारच्या बाजारात खेकडे धरायचे दोन सापळे होते, एक तारेच्या जाळीचा आणि एक बांबूचा, निमुळत्या तोंडाचा. बायको म्हणाली, "जाळीचा घ्या, आतलं दिसते तरी." मला बांबूची वीण आवडली, मी तोच घेतला. यात गेलेलं बाहेर येत नाही, असं विकणारा सांगत होता. रविवारी रिसालीपलीकडच्या तलावातून सापळा वर काढला, तर मागचं झाकण बांधलेल्या सुतळीची गाठ भिजून सुटेना, म्हणून मी तोंडातूनच हात घातला. खेकडा लागलाच नाही. काहीतरी गार, लांब, बोटांवरून सरकलं. मी हात ओढला, तशा काड्या मनगटात रुतल्या. "ओढू नका," बायको अगदी हळू म्हणाली, "अजून आत घाला." "कावून?" "काड्या आतल्या बाजूनं वळल्या हायेत. ओढान तं अजून रुततीन." ते जे काही होतं, त्याच्याच दिशेनं मी डोळे मिटून हात ढकलला. तिनं मनगटाभोवतीच्या काड्या एकेक करून बाजूला दाबल्या, हात सुटला, आणि सापळा आम्ही तसाच पाण्यात फेकला. आता घरी जाळीचा सापळा आहे. त्याचं दार मोठं आहे, आतलं सगळं स्वच्छ दिसतं, आणि तरी खेकडे तीच काढते.