टिपकेवाले चाचा

यवतमाळात साठ-एकसष्टच्या सुमारास लेथ चालवणारे तीन मिस्त्री होते. त्यांतले सर्वांत भित्रे चाचा, आणि सर्वांत चांगलेही तेच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, हे कळायला मला दीड वर्ष लागलं.

चाचांचं दुकान जुन्या मोटार स्टँडच्या मागे होतं आणि मी ज्या शाळेत शिकवत असे ती त्याच रस्त्यावर. माझे यजमान जिनिंग फॅक्टरीत फिटर होते. सुट्टीच्या दिवशी ते घरामागच्या टिनाच्या छपराखाली शर्यतीची मोटार बांधत. इंजिन सैन्याच्या लिलावातल्या जीपचं, सांगाडा एका देशमुखांच्या मोडक्या गाडीचा. एकाचा भाग दुसऱ्याला बसत नसे. जो बसत नसे तो नवा घडवायचा, आणि घडवायचे चाचा. यजमान दिवसभर कामावर असल्यामुळे मापांचे कागद पोचवण्याचं काम माझ्याकडे आलं.

चाचा कागद घेत, कपाळावरचा चष्मा नाकावर आणत आणि त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "बाई, हे तुटलं तं काय होईन?"

भाग कसा करायचा, हे त्यांनी कधी विचारलं नाही. इंजिनाच्या पायातला तुकडा असला की मी सांगे, "गाडी बंद पडेल." मग ते "पडू द्या" म्हणून कामाला लागत. ब्रेकचा असला तर स्टुलावर बसून आधी पाणी पीत.

भाग तयार झाला, तपासून झाला, की ते त्याच्या कडेला पंचनं एक टिपका मारत. मोहरीएवढा खळगा. "टिपका म्हंजे आता हे माह्या जिम्मे." त्यावरूनच गावानं त्यांना टिपकेवाले केलं होतं. दुकानासमोर ट्रक लावणारे ड्रायव्हर त्यांची टिंगल करत. एकानं माझ्यासमोर विचारलं, "काहो चाचा, निकाह झाला तवा चाचीले टिपका मारला होता का?"

"मी काय मारतो? तिनंच मले नाही मारला अजून," चाचा मान वर न करता म्हणाले. "तीस वर्सं झाले, तपासूनच राह्यली."

त्यांची तपासायची पद्धत खडूची होती, म्हणून माझ्याकडून ते शाळेतले खडूचे तुकडे मागत. पोरांनी घासून संपवलेले चालत. घडवलेला भाग ते एक दिवस राकेलात बुडवून ठेवत. मग पुसून कोरडा करत, त्यावर खडूची पूड चोळत आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावत नसत. लोखंडात केसाएवढी चीर असली तर तिच्यात लपलेलं राकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर करडी रेघ उमटते. "डोये फसतात, बाई," ते म्हणत. "राकेल नाही फसत." रेघ निघालेला भाग ते दुकानात ठेवतसुद्धा नसत. मागच्या विहिरीत टाकत, म्हणजे चुकूनही कुणी उचलायला नको.

या भीतीचं कारण त्यांनी एकदाच सांगितलं, तेही मी विचारलं नसताना. राजूरहून कोळसा आणणाऱ्या एका ट्रकला त्यांनी घाईत एक पिन करून दिली होती. ती उतारावर तुटली. क्लीनरचा पाय गेला. "ड्रायव्हर म्हने, चाचा, पिन जुनी होती, तुमची गलती नाही. आता जुनी होती का माही होती, मले काय मालूम? टिपका कुठं मारत होतो मी तवा?" एवढं बोलून त्यांनी लेथ सुरू केलं.

दीड वर्षात चाचांनी आमच्या मोटारीचे चौदा भाग घडवले. सगळ्यांवर टिपका होता. राहिला तो स्टीअरिंगचा आर्म. इंजिन मागे सरकवल्यामुळे मूळचा आर्म अपुरा पडत होता. वीतभर लांबीचं लोखंड, पण चालकाच्या हातातलं चक्र आणि पुढची चाकं यांच्यात तेवढंच. मी कागद दिला. चाचांनी नेहमीचा प्रश्न विचारला नाही. उठून पाणी पिऊन आले.

त्यांनी तो ट्रकच्या तुटक्या एक्सलमधून घडवला, कारण त्याहून चांगलं लोखंड गावात मिळत नव्हतं. तुटक्या एक्सलमध्ये जुनी चीर दडलेली असू शकते, हे तेच मला सांगत होते. पहिल्या आर्मवर रेघ निघाली. तो विहिरीत गेला. दुसरा तयार झाला तो शर्यतीच्या आठवड्यात. शर्यत रविवारी, जिल्ह्याबाहेरच्या एका ओसाड धावपट्टीवर होती. मोटार शनिवारी सकाळी फॅक्टरीच्या ट्रकवर चढवायची होती. आणि शुक्रवारी राजूरला चाचांच्या भाचीचं लग्न.

"राकेलात टाकून जातो," चाचा यजमानांना म्हणाले. "शनिवारी येतो, खडू लावतो. एक रात पाह्यजे."

"शनिवारी तं गाडी निघून राह्यली, चाचा."

"तं पुढच्या शर्यतीले जा."

"पुढची कोणी पाह्यली?"

"मी नाही पाह्यली. पन तुनं पाह्यली पाह्यजे, बेटा."

यजमान घरी येऊन थेट छपराखाली गेले. शनिवारी सकाळी गाडीला आर्म बसवलेला होता. मी समजले, चाचा लवकर परतले असतील. मी विचारलं नाही. या प्रकरणात माझी चूक कोणती, असं कुणी विचारलं तर ती ही.

रविवारी नऊ वाजता धावपट्टीवर यजमान टायरमधली हवा बघत होते. मी पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसून आर्मच्या कडेवर बोट फिरवलं. कड गुळगुळीत लागली. पुन्हा फिरवलं. मग वाकून पाहिलं.

"याच्यावर टिपका नाही."

"राहून गेला असंल."

"चाचा आले होते का?"

यजमान उठले नाहीत. "राकेलाची ताटली त्यायच्या वसरीतच होती. राकेलात धुतलाच होता ना त्यायनं? पुसला अन् आणला."

माझ्या पर्समध्ये खडू होता. शिक्षिकेच्या पर्समध्ये असतोच. मी आर्म लुगड्याच्या पदरानं पुसला आणि खडू चोळला. चाचांना एक रात्र लागे, माझ्याकडे दोन तास होते. शेजारच्या गाडीवाल्यांना वाटलं, पूजा चालली आहे. पाऊण तासानं वळणाच्या आतल्या बाजूला करडी रेघ दिसली. पापणीच्या केसाएवढी.

"ग्रीस आहे ते," यजमान म्हणाले.

मी पुसलं, पुन्हा चोळलं. रेघ पुन्हा तिथंच आली.

"तुले काय समजते त्यातलं? माह्या दीड वर्साची मेहनत आहे."

ते खरं होतं. दीड वर्षात त्यांनी एकही सणवार घरात बसून पाहिला नव्हता. भोंग्यावरून आमचा नंबर पुकारला गेला. मोटारीला आसन एकच होतं. मी त्यात जाऊन बसले.

लोक जमले. "अरे, बाईच चालवते का?" असं कुणीतरी ओरडलं आणि हशा झाला. यजमान खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "ऊठ. लोक हसून राह्यले."

"हसू द्या."

"ऊठ म्हन्लं ना."

मी स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरलं. नंबर दुसऱ्यांदा पुकारला, तिसऱ्यांदा पुकारला. सात गाड्या आमच्याशिवाय सुटल्या. धूळ खाली बसल्यावर मी उतरले. परतीच्या प्रवासात यजमान मोटारीजवळ ट्रकच्या मागच्या भागात बसले, मी पुढे ड्रायव्हरजवळ.

सोमवारी आम्ही दोघं आर्म घेऊन दुकानात गेलो. चाचांना ताटली रिकामी सापडली होती. चाची म्हणाल्या, शनिवारपासून यांनी धड जेवण केलं नाही. यजमानांना पाहून चाचांनी त्यांच्या दोन्ही दंडांवरून हात फिरवला, जसा ते तयार भागावर फिरवत. मग काही न विचारता आर्म शिकंज्यात धरला आणि रेघेवर कानशीचे दोन हात मारले. रेघ गेली. खाली लोखंड स्वच्छ होतं. घडवताना वरच्या कातडीची घडी पडली होती, तिच्यात राकेल राहिलं होतं.

"वरचं झालं," चाचा म्हणाले. "आतलं पाहू." त्यांनी मोठा हातोडा घेतला. अकरा घाव मी मोजले. आर्म वाकत गेला आणि शेवटी कोपरासारखा दुमडला. कुठंही तडा गेला नाही.

यजमान माझ्याकडे पाहून म्हणाले, "चांगला होता तो."

"होता ना," चाचा म्हणाले. "पन हे तुले सोमवारी समजलं. शर्यत इतवारी होती." मग त्यांनी पंच घेतला आणि कुठल्याच गाडीला आता बसणार नाही अशा त्या आर्मच्या कडेला टिपका मारला. मला शाबासकी दिली नाही. एवढंच विचारलं, "बाई, खडू उरला का?"

ती मोटार शर्यतीत कधीच धावली नाही. यजमानांची बदली झाली, इंजिन बाभुळगावच्या एका मळ्यात पाण्याच्या पंपाला लागलं. आम्ही नागपूरला आलो. मी शाळा सोडून एका दैनिकात मुद्रितं तपासू लागले, पुढे बातम्या पाहू लागले. तपासलेल्या मजकुराच्या कडेला मी पेन्सिलीनं टिपका देत असे. नावं, गावं, आकडे स्वतः ताडून पाहिल्याशिवाय दिला नाही, आणि त्यापायी छपाई खोळंबली म्हणून बोलणीही खाल्ली. त्यांतल्या कितीतरी बातम्या मुळात बरोबरच होत्या.

यजमानांनी आर्म जपून ठेवला होता. घरात माझं काही चुकलं, की ते खिळ्यावरच्या त्या दुमडलेल्या लोखंडाकडे बोट करत आणि माझ्याकडे रोखून बघत म्हणत, "चांगला होता तो."

चाचा गेल्याचं पत्र चाचींनी कुणाकडून तरी लिहवून पाठवलं. दुकान विकलं होतं, विहीर बुजवली होती. मी पत्र मोठ्यानं वाचलं. यजमान उठले, खिळ्यावरचा आर्म काढला आणि कडेवर अंगठा फिरवत राहिले.

"चांगला होता तो," ते म्हणाले. या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.