पिवळ्या हातांचा फोटो

कुरुंद्याच्या हळद कारखान्यात रंगावरून हळकुंडं निवडणारं कोरियन मशीन बंद पडलं, तेव्हा एक दुरुस्तीवाला आला. मी सातवीत शाळा सोडून कोकणातून आलेला, त्याच मशीनवर कामाला. मशीन गेलं तर नोकरी गेली, हीच धास्ती.

प्रत्येक स्क्रू तो काढल्यावर शर्टाला पुसायचा. म्हणाला, "कॅमेऱ्यातली चिप जळालीय, ती तिसऱ्याच देशाची. ती रॉकेटातबी चालते. त्या देशाच्या परवानगीबिगर कोरियावाले देऊ शकत न्हाईत."

मुकादम हसला, "काहून? आमी हळकुंडाच्या गोळ्या झाडून राहिलो का?"

"हितं नुसती हळद हाय, तेच तिकडं पटवायचंय," म्हणत दुरुस्तीवाल्यानं मला मशीनपुढं माझे हळदीनं पिवळे झालेले हात धरायला लावले, फोटो काढला.

चिप आली, नोकरी राहिली. तो पुन्हा दिसला नाही. पूर्वी मी हात घासघासून धुवायचो. आता थोडा पिवळेपणा राहू देतो.