चिंधी बांधलेली काकडी

माझ्या सासऱ्यांनी मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांना जेवताना मध्येच थांबवलं होतं. एका काकडीसाठी.

आज मामांना जाऊन वर्ष झालं. (आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला आत्या.) म्हणून ही गोष्ट लिहून टाकते.

मामा मूळचे सोयगावकडचे. वाळूजच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून इकडे आले. येताना आईनं राखेत मिसळून दिलेलं गावरान काकडीचं बी तेवढं आणलं. आखूड, जाड, अंगावर पांढरे पट्टे. कडू कधी निघायची नाही.

शिफ्टवरून आले की आधी वेलाकडे, मग चहाकडे. आत्या म्हणायच्या, "माझ्याकडं नाय बघितलं एवढं कधी."

तोडलेली काकडी ते ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखाली ठेवायचे. फ्रिजात ठेवली की चिडायचे. "फ्रिजात काकडी रडती."

आणि एक नियम होता. वेलावरची सगळ्यात ठणठणीत काकडी बियाण्याची. तिच्या देठाजवळ कंपनीतल्या जुन्या शर्टाची चिंधी बांधायची. चिंधी दिसली की घरातलं कुणी हात लावायचं नाही.

मी लग्न होऊन आले ते वर्ष दुष्काळाचं. नळाला आठवडा आठवडा पाणी नाही. मामा आंघोळीचं पाणी परातीत धरून वेलाला घालायचे. तरी एकच वेल जगला आणि त्यावर चिंधीवाली एकच काकडी राहिली. डब्यातलं जुनं बी संपलेलं. सगळी भिस्त तिच्यावर.

त्यात माझ्या नणंदेला, रेखाला, बघायला करमाडचे पाहुणे यायचे होते.

सकाळी रेखानं अंगण झाडलं. पाहुण्यांसमोर तेलकट चिंधी बरी दिसत नाही म्हणून सोडून टाकली. सांगितलं कुणालाच नाही.

पाहुणे पोह्यांवर निघणार होते, पण बोलता बोलता दुपार झाली आणि मामांनी जेवायला बसवलं. घरात भाजी बेताची. आत्या परसात गेल्या. काकडी पिवळी पडलेली, पण चिंधी नाही; मामांनीच सोडली असेल असं त्यांना वाटलं. आणली, चिरली, तिखटमीठ टाकून वाढली.

मामांनी स्वतःच्या ताटात बघितलं. मग मुलाच्या वडिलांच्या ताटात.

"पाव्हणं, एक विनंती हाय. काकडी खुशाल खा. पर बिया तेवढ्या ताटात ठेवा."

सगळ्यांचे हात थांबले. आत स्वयंपाकघरात आत्या मला म्हणाल्या, "मोडलं पोरीचं लग्न." रेखानं तोंडाला पदर लावला. मी त्या घरात नवी, मला हसू आवरेना.

मुलाच्या वडिलांनी एक फोड उचलून उजेडाकडे धरली.

"पांढऱ्या पट्ट्याची व्हती का?"

"व्हय."

"आमच्याकडंबी लई व्हायची. रान कंपनीत गेलं, मग वेल कुठं लावावा? गेली ती गेलीच."

आणि ते खरोखर बिया काढून ताटाच्या कडेला ठेवायला लागले. त्यांचं बघून बाकीचेही.

आत्यांना राहवलं नाही. "अवो, उष्टं बी पेरत्यात का?"

मामा म्हणाले, "मातीला कसलं आलंय उष्टं?"

त्या दिवशी आमच्याकडे सोयरीक अशी जुळली. मामांनी बिया धुतल्या, सावलीत वाळवल्या आणि निम्म्या पाहुण्यांना दिल्या. राख चौकातल्या इस्त्रीवाल्याकडून आणली, कारण गॅसच्या घरात राख कुठली?

आत्या कुरकुरल्या. "होतं तेवढं वाटून टाका."

"एका घरात ठेवलेलं बी एका घरासंगं जातं," मामा म्हणाले.

पुढे पुन्हा दोन उन्हाळे कोरडे गेले. आमचा वेल जळाला. डब्यातलं बी भिजत घातलं तर एकालाही कोंब नाही. मामा तरी रोज संध्याकाळी रिकाम्या आळ्याला पाणी घालायचे. रिटायर झाल्यावरही इतके खचले नव्हते. मला बघवत नव्हतं.

मग एका रविवारी करमाडचे व्याही मोटारसायकलवर आले. चहाही न घेता पिशवीतून राखेचा डबा काढला.

"तुमचंच हाय. दारापुढच्या हातभर मातीत लावलं व्हतं, आणून दिलं."

मामांनी दारातच डबा उघडला आणि राखेत बोट घालून बी चाचपलं. मग आत्यांना म्हणाले, "चहा टाक की."

आता आमच्या कॉलनीत माती शोधावी लागते. सगळीकडे फरशी, फरशीवर गाडी. मामा गेल्यावर आमच्याही परसात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलं होतं. मी एक कोपरा सोडायला लावला.

नवरा म्हणाला, "मग गाडी कुठं लावू?"

म्हटलं, "रस्त्यावर लाव. वेल रस्त्यावर लावता येत नाही."

बी पेरलं मीच. वेल छान चढला, काकड्याही लागल्या. पण बियाण्याची कुठली ठेवायची ते ठरवायचं माझ्याच्यानं होईना. ते काम मामांचं होतं.

आज वर्षाच्या कार्यक्रमाला घर भरलेलं. रेखा आली, तिचे सासरे आले. कोशिंबिरीला काकडी कमी पडली. आत्या उठून परसात गेल्या. ज्यांनी एकदा चिरली होती त्याच आत्या. मी खिडकीतून बघत होते; त्या वेलाआड वाकल्या तेवढं दिसलं.

हात हलवत परत आल्या.

"कोपऱ्यावरून आण अर्धा किलो. वेलावर एकच हाय, अन् तिला चिंधी बांधलीय."

मी तर बांधली नव्हती.

बाहेर जाऊन बघितलं. मामांच्या निळ्या शर्टाची चिंधी. गाठ ताजी होती, आत्या पदराला मारतात तशी.

मित्रांनो, बी निघालं की सांगते. ज्यांच्याकडे हातभर माती असेल त्यांनी डबा घेऊन या. राख आमच्याकडची.

मामा, काळजी करू नका. आता बी बऱ्याच घरांत असेल.

तुमची लई आठवण येते. नमस्कार करते.