नव्या टायरचं कुंकू

नवस बोलताना माणूस घाबरलेला असतो, म्हणून अट जरा जास्तच घालतो. गेल्या पावसाळ्यात मी चंदगडच्या रवळनाथाला नारळ बोलले. नुसता नारळ बोलून थांबायचं, तर "याच गाडीवरून जोडीनं येईन" असंही बोलून बसले. कोल्हापुरातून चंदगडला यष्टी जाते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आता बोललं ते बोललं. वर्ष उलटून गेलं होतं, फेडायला हवं होतं.

हे मी वहीत लिहिते आणि माझी भाची कॉम्प्युटरवर उतरवते. मॅट्रिकनंतर पत्रं आणि घरखर्चाची वही यापलीकडं मी काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या. पण ज्यांना गाडीवरून जोडीनं लांब जायचंय आणि ज्यांच्या गाडीचे टायर नवे आहेत, त्यांनी शेवटपर्यंत वाचा.

आमचे हे बावीस वर्षं गाडी चालवतात. गेल्या श्रावणात पन्हाळ्याहून उतरताना ओल्या वळणावर गाडी घसरली. मी गवतात पडले, ह्यांचं मनगट मोडलं. नवस बोलले ते तिथंच, गवतात बसून. प्लॅस्टर निघालं, हाड जुळलं, पण त्यानंतर गाडी बाजाराच्या पलीकडं गेली नाही. भावकीतले येऊन सांगून जायचे, "आता वय झालं तुमचं, हात ऱ्हायला न्हाई." हे मान खाली घालून ऐकायचे. मीही तिथंच चहाचा ट्रे धरून उभी असायची.

एक गोष्ट मी त्या वेळी बोलले नाही. त्याच वर्षी ज्येष्ठात हे म्हणाले होते, "मागचा टायर पार गोटा झालाय, नक्षीच ऱ्हायली न्हाई. बदलूया." आणि मी म्हणाले होते, "दसऱ्याला बघू. चालतंय की अजून."

या वर्षी खंडेनवमीच्या आधी मीच डब्यातले पैसे काढून दिले आणि दोन्ही टायर नवे घातले. टायरवाला बोलका होता. "पयलं दीडदोनशे किलोमीटर दमानं घ्या, पावणं. नवा टायर नव्या सुनंवानी असतोय. रुळंपतूर सांभाळून घ्यायचं. वळणावर लई वाकवायचा न्हाई, ब्रेक एकदम दाबायचा न्हाई. कोरा हाय तवर निसरडाच असतोय त्यो."

त्या संध्याकाळी हे मला म्हणाले, "नवस फेडायला जाऊया. पण ह्या बारीला घसरलो, तर गाडी इकायची. पुन्हा हँडलला हात लावणार न्हाई मी." आवाज चढवला नव्हता. म्हणूनच मला ते खरं वाटलं.

खंडेनवमीला गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. टायरला कुंकू लावायला गेले, तर ते बसेना. ओलं करून लावलं तरी ओघळून खाली. नव्या रबरावर बोट ठेवलं की सुळकन सरकायचं. मी देवघरातली तेलाची वाटी आणली, खोबरेल तेलात कुंकू कालवलं आणि दोन्ही टायरांवर या कडेपासून त्या कडेपर्यंत आडवे पाच-पाच पट्टे ओढले. उरलेलं तेल फडक्यानं सगळ्या टायरवर फिरवलं. काळेभोर, तुकतुकीत दिसायला लागले टायर. शेजारीण म्हणाली, "वैनी, गाडी नवरीवानी दिसतीया."

दसऱ्यानंतर चौथ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघालो. हायवेनं निपाणीवरून रस्ता चांगला आहे, पण तिथं ट्रक अंगावर येतात आणि सगळ्यांच्या वेगानं जावं लागतं. नव्या टायरला तो नको, म्हणून हे म्हणाले, बिद्री, गारगोटी, उत्तूर, गडहिंग्लज असं जाऊ. लांब पडतं, पण दमानं जाता येतं. बायकांसाठी सांगते: मागच्या चाकाला साडीची जाळी आहे ना, आधी बघा. पदर कमरेला घट्ट खोचा, आणि दर तासाला उतरून पाय मोकळे करा. जेवण घरचं न्या. मी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधली होती. निघताना मीटरचा आकडा वहीत लिहिला. टायरवाल्यानं किलोमीटर सांगितले होते, आणि आकडा मांडून ठेवल्याशिवाय मला चैन पडत नाही.

रस्ता सरळ होता. दोन्हीकडं ऊस डोक्याच्या वर गेलेला. हे चाळीसच्या वर गेले नाहीत. मागून येणारे हॉर्न देऊन पुढं जात होते. मी मनात रवळनाथाचं नाव घेत होते आणि ह्यांच्या खांद्याकडं बघत होते. खांदे दगडासारखे आवळलेले.

बिद्रीला कारखान्यासमोर चहाला थांबलो. गाळप अजून सुरू नव्हतं, धुराडं नुसतंच उभं होतं. चहा तीन रुपये, बरा होता. गाडीजवळ आले आणि माझं लक्ष मागच्या टायरवर गेलं. पट्ट्यांचं मधलं कुंकू गेलं होतं. दोन्ही कडांना तेवढे लाल तुकडे राहिले होते.

आमच्याकडं कुंकवाच्या बाबतीत 'पुसलं' हा शब्द तोंडातून काढत नाहीत. बांगडी फुटली तरी 'वाढली' म्हणायचं, नारळसुद्धा फोडायचा नाही, वाढवायचा. आणि इथं माझ्या हातानं लावलेलं कुंकू रस्त्यानं मधोमध नेलं होतं. ह्यांना दिसू नये म्हणून मी चाकाच्या आणि ह्यांच्या मध्ये उभी राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. चला."

गारगोटीत थांबलो नाही. गाव सोडल्यावर पुढं रस्ता चढाला लागतो आणि वळणं सुरू होतात. पहिली दोन वळणं हे अगदी हळू, गाडी उभीच ठेवून निघाले. तिसरं वळण डावीकडं आवळत गेलेलं होतं. समोरून जीप आली म्हणून ह्यांना गाडी जरा जास्त वाकवावी लागली, आणि मागचं चाक खालून निघून गेलं. कुणीतरी पायाखालचं जाजम ओढावं तसं. ह्यांनी पाय टेकला, गाडी डोलली, रस्ता सोडून गवतात शिरली आणि बंद पडली. आम्ही पडलो नाही. नुसते तसेच बसून राहिलो.

मग हे उतरले, गाडी स्टँडला लावली आणि मैलाच्या दगडावर जाऊन बसले.

"संपलं," म्हणाले. "लोकं बरोबर सांगत हुती. माझा हातच गेलाय. टायर नवं, रस्ता कोरडा, तरी घसरलो की."

"जीप आली होती समोरून."

"जीप बावीस वर्सं येतीया."

मग हे म्हणाले, पुढच्या गावात गाडी कुणाच्यातरी दारात लावू आणि यष्टीनं जाऊ. गाडीवर बसायला तयार नव्हते. गाडी ढकलत चालायला लागले, मी पिशवी घेऊन मागं. अर्धा तास चाललो असू. मी मागनं त्या चाकाकडंच बघत होते. कडेचं कुंकू अजून ओलं असल्यासारखं चमकत होतं.

गावाच्या तोंडाशी पंक्चरचं दुकान होतं. पत्र्याची टपरी, बाहेर पाण्याचा टब. पांढऱ्या दाढीचे एक चाचा ट्यूब तपासत बसले होते.

"या पावणं. पंक्चर काय?"

"न्हाई. गाडी दोन दिस हितं ठिवायची हाय," हे म्हणाले. "वळणावर घसरली."

चाचा उठले. मागच्या टायरवर अंगठा फिरवला, कडेवर थांबले, अंगठा नाकाशी नेला आणि आमच्याकडं बघितलं.

"ह्ये खोबरेल कुणी लावलंय?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांना तेलाचं माहीतच नव्हतं. चाचा स्वतःशीच बोलत असल्यासारखे पुढं म्हणाले, "मधलं कुंकू पुसलंय, म्हंजे तेवढा टायर रस्त्याला घासलाय, तयार झालाय. कडंचं हाय तसंच हाय, म्हंजे कडा अजून कोऱ्या. त्यात वर तेल. सरळ चाललंय तवर काय व्हायचं न्हाई. वाकिवली की गेली. ह्यात चालवणाऱ्याचा काय गुन्हा न्हाई. उलट पडला न्हाईसा, हात पक्का हाय तुमचा."

मी गप्प राहिले असते तर तेही खपलं असतं. टायरवाल्यावर, शेजारच्या पोरांवर ढकलता आलं असतं. गेल्या वर्षी मी गप्प राहून तेच केलं होतं. पण हे चाचांकडं असं बघत होते, जणू त्यांचं शेवटचं वाक्य ह्यांना पुन्हा ऐकायचं होतं.

"तेल मी लावलंय," मी म्हणाले. "कुंकू बसत नव्हतं म्हणून. आणि गेल्या वर्षीचं पण माझंच. तुम्ही टायर बदलूया म्हणाला होता, मी दसऱ्याला बघू म्हणाले. सगळे तुमच्या हाताला नावं ठेवत होते तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. बोलले नाही."

चाचांनी मान फिरवली आणि उगीच टबातलं पाणी ढवळायला लागले. ह्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"टायर गोटा हुता ते मला बी ठावं हुतं की," हे म्हणाले. "तरी मी चालवली." मग जरा थांबून, "किती लावलंस तेल?"

"पळीभर."

"पळीभर?" हे चाचांकडं वळले. "बगा चाचा. तीस वर्सांत माझ्या डोक्याला कवा पळीभर लावलं न्हाई हिनं. चमच्यानं मोजून लावती."

चाचा हसले. "वैनी, देवानं टायरला तेल मागितलं न्हाई. देवाला दिव्यात घाला, नवऱ्याच्या डोक्याला घाला. टायरला नगं."

मलाही हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्याला पदर लावावा लागला.

चाचांनी साबणाच्या पाण्यानं आणि काथ्यानं दोन्ही टायर घासले, वर कोरडी माती चोळली, पुन्हा धुतले, फडक्यानं कोरडे केले. तरी रबरात मुरलेला कुंकवाचा लालसर डाग कडांना राहिलाच. मी म्हणाले, तोही काढा. चाचा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. तीच खूण हाय. दर वळणाला मागच्यापेक्षा थोडी जास्त वाकवा, पावणं. एकदम न्हाई. जसजसं कुंकू जाईल तसतशी कड तयार झाली समजा." पैसे विचारले तर, "पाणी हिरीचं हाय. साबणाचं दोन द्या."

हे गाडीवर बसले. किक मारायच्या आधी दोन्ही हात हँडलवर ठेवून क्षणभर तसेच राहिले. मग म्हणाले, "बस."

गडहिंग्लजला बारा वाजले, नेसरीच्या पुढं एका झाडाखाली दशम्या खाल्ल्या. तिथून पुढं डोंगर जवळ येतात, भातं पिवळी झालेली, मध्येच काजूच्या बागा. हवेला ओलसर वास. रस्ता मात्र जागोजागी उखडलेला, पावसाळ्यानंतर जाणाऱ्यांनी वेळ हाताशी ठेवावा. परतीच्या पावसाची एक सर आली तेव्हा हे स्वतःहून बाजूला थांबले. कोऱ्या टायरनं ओल्यात घाई करायची नाही. अर्धा तास एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. ह्यांचे खांदे खाली आलेले मला दिसत होते.

चंदगडला माझी थोरली बहीण असते, आम्ही तिला अक्का म्हणतो. दारातच म्हणाली, "आलासा व्हय? म्या म्हटलं वाटंतच संसार मांडला काय दोघांनी!" रात्री घरच्या तांदळाचा भात आणि काजूची आमटी होती. अक्कानं विचारलं, "दाजी, हात कसा हाय आता?" दरवेळी हा प्रश्न आला की मी ताटात बघायची. या वेळी मीच सांगितलं, पळीभर तेलासकट. अक्का पोट धरून हसली. ह्यांनी भात दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात गेलो. नारळ ह्यांनी वाढवला, एका फटक्यात. मनगटाकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच. मी हात जोडले. मागण्यासारखं काही नव्हतं. आधी केलेल्याची कबुली द्यायची होती, ती वाटेतच झाली होती.

परतताना तोच रस्ता धरला. पंक्चरच्या दुकानाशी चाचांना अक्कानं दिलेले काजू दिले. त्यांनी आधी टायर बघितला, मग काजू घेतले. गारगोटीच्या अलीकडं ते वळण उलट बाजूनं आलं. ह्यांनी वेग कमी केला, लांबवर बघितलं आणि गाडी हळूच वाकवली. मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. मिटले नाहीत. चाक जागचं हललं नाही. वळण संपल्यावर हे एवढंच म्हणाले, "हाय अजून."

"काय?"

"हात."

दिवस मावळायच्या आत घरी पोचलो. मीटरचा आकडा लिहिला. जाऊन येऊन टायरवाल्यानं सांगितलेलं अंतर केव्हाच ओलांडलं होतं. गाडी अजून आमच्याकडंच आहे. आता हे रविवारी नृसिंहवाडीला न्या म्हटलं तर कुरकुरत का होईना नेतात. पुढच्या खंडेनवमीला मी कुंकू हेडलाइटला लावणार आहे, एक बोट, पाण्यात कालवून. घसरायचं कारण टायर असो, तेल असो, की वेळेवर न बोललेली गोष्ट असो, ते घरातच सांगून टाकावं. दुसऱ्याच्या हातावर ढकलू नये.

चंदगडहून परतलो त्या संध्याकाळी दिवा लावून मी अंगणात आले. हे गाडी पुसत होते. मी वाकून मागचा टायर बघितला. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकसारखा काळा, धुळकट. लाल कुठं म्हणून नाही.

"काय बगतीस?" ह्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "कुंकू वाढलं."