पहिल्या खेपेचा उशीर

गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीचं दुकान चालवणाऱ्या बाईला सगळे ‘फटकळ’ म्हणायचे. पूर्वी ती तशी नव्हती. थोरल्या मुलीच्या जन्मानंतर तिच्या जिभेला धार आली.

पहिल्या खेपेला तिचे पाय सुजले, डोकं ठणकायला लागलं. रक्तदाब वाढलाय, कळा सुरू झाल्या की लगेच निघा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. कळा सुरू झाल्या, पाणी गेलं तेही हिरवट. पण पहिलटकरणीला वेळ लागतोच, असं म्हणत सासूनं तिला दिवसभर घरातच बसवलं. नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा मूल आलं ते निळंजांभळं, लुळं. रडलंच नाही. डॉक्टरीणबाईंनी श्वास सुरू केला खरा, पण तोवर मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. पोर हातापायांनी अधू राहिली.

सासूनं गल्लीभर सांगितलं, ही इस्त्रीच्या धगीत उभी राहायची, म्हणून पोर अशी निपजली. बरेच दिवस तिनं ऐकून घेतलं. मग नवऱ्याला ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, एकाच कारणावर बोट ठेवता येणार नाही. पण चढलेला रक्तदाब, बाळानं पोटातच केलेली शी आणि वर उशीर, हे सगळं धोक्याचंच. इस्त्रीचा संबंध नाही. नवरा मान खाली घालून परतला आणि आईला चकार शब्द बोलला नाही. तेव्हापासून ती दोघांशी कामापुरतंच बोलायची.

दुसऱ्या खेपेला पुन्हा डोकं ठणकलं. तिनं तापलेली इस्त्री बंद करून पिशवी उचलली. सासू दारात आडवी आली.

“अजून कळा नाहीत. एवढी कसली घाई?”

“बाजूला व्हा. नाहीतर ढकलून जाईन.”

तातडीनं सिझेरियन झालं. मुलगी टाहो फोडतच आली. सासू बघायला आली आणि तिनं हात पुढे केले. फटकळनं बाळ छातीशी आवळलं.

“थोरलीला कधी मांडीवर घेतलंत? हिला हात लावायचा नाही.”

नवरा मध्ये पडू लागला. “तू तर बोलूच नकोस,” ती म्हणाली.

सासू आपल्या धाकट्या मुलाकडे राहायला गेली ती कायमची. थोरली आता टेबल धरून उभी राहते. गिऱ्हाईक म्हणून पोटुशी बाई आली, की फटकळ कपडे घेण्याआधी तिच्या पायांकडे बघते आणि रक्तदाब मोजला का म्हणून खेकसते. काहीजणी चिडून दुसरीकडे जातात. ती त्यांना थांबवत नाही.