तळ्याच्या अलीकडे

रविवारी गोल्फला माझी जोडीदार असते तारोडी गावची एक आंटी. घर मच्छीमारांचं, पण दुबईत नोकरी करताना हा खेळ शिकली. समोर तळं आलं की एकाच फटक्यात पार करायला आम्ही सगळे जोर लावतो. ही मात्र छोटी स्टिक काढते, हलक्या फटक्याने बॉल तळ्याच्या अलीकडेच ठेवते आणि पुढच्या फटक्यात आरामात पलीकडे टाकते. एक फटका जास्त जातो, आणि या खेळात कमी फटके घेणारा जिंकतो. त्यावरून लोक हसतात. हसू देत, ती म्हणते.

गेल्या रविवारी शेवटच्या तळ्यापाशी सामना बरोबरीत होता. समोरच्या जोडीतला मीरा रोडचा एक बिल्डर ओरडला, "आंटी, डर गयी क्या?"

"हां, डरती हूँ!" सगळ्यांना ऐकू जाईल असं ती ठणकावून म्हणाली आणि तिने बॉल अलीकडेच ठेवला.

बिल्डरने थेट मारला. बॉल तळ्यावरून सुसाट पलीकडे गेला. आम्ही हरलो. तो तिथेच नाचला.

परतताना मी कुरकुरलो, "एकदा तरी मारायचं ना, आंटी."

"आमच्यात खडकाला वळसा घालूनच होडी नेतात," ती म्हणाली. "एखादा मधून काढतो, लवकर पोचतो, बढाया मारतो. जो पोचला न्हाय, तो बढाया मारायला येत न्हाय."

आज पुन्हा तेच तळं, तोच बिल्डर. त्याने तोंड उघडायच्या आत आंटीने छोटी स्टिक उंच धरून त्याला दाखवली.

मग मीही माझी काढली. छोटीच.